दुपारचं कलम

सकाळच्या चहाबरोबर निकाल यायचा. विधेयक सभागृहात मांडायला अजून आठवडा असायचा, त्यावर कुणी चकार शब्द काढलेला नसायचा, पण ते मंजूर होणार की पडणार हे सरकारच्या मुख्य प्रतोद शलाका वासाडे हिच्या टेबलावरच्या पडद्यावर उमटलेलं असायचं. त्या सोमवारी पडद्यानं सांगितलं की गारवाघर विधेयक पडणार. खाली उपायही दिला होता. अकरावं कलम वगळल्यास मंजूर.

शलाकानं चहा तसाच ठेवला. विधेयकात बाकी सगळं बांधकाम होतं. उन्हाळा आता असा झाला होता की भर दुपारी उघड्यावर उभं राहणं जिवावर बेतायचं, म्हणून प्रत्येक गावात जाड भिंतींचं एक घर उभारायचं, जमिनीत खोल पुरलेल्या नळ्यांतून थंड हवा आत खेळवायची आणि वीज गेली तरी चालेल अशी सोय करायची. पण मजुराला दुपारी काम सोडून तिथं जाऊच दिलं नाही, तर ते घर काय शोभेला ठेवायचं? अकरावं कलम त्यासाठी होतं. पारा ठरावीक रेषेवर गेला की उघड्यावरचं काम थांबवायचं आणि त्या वेळेची मजुरी कापायची नाही.

हे कलम तिनं आपल्या धाकट्या भावासाठी लिहिलं होतं. पंकज रस्त्याच्या कामावर मुकादम होता. काम थांबवलं की माणसांची मजुरी बुडते, म्हणून त्यानं थांबवलं नाही, आणि एका दुपारी गरम डांबराशेजारीच तो कोसळला. वाचला, पण तेव्हापासून त्याच्या जिभेवर शब्द उशिरा येतात आणि उजवा हात थरथरत राहतो. शलाका निवडणुकीला उभी राहिली ती त्यानंतर.

तेवढ्यात बबनराव कुटे आत आले. त्यांच्या पक्षाच्या नावात श्रम हा शब्द होता आणि पक्षाच्या सहाही आमदारांची ठेकेदारी होती. या सहा जणांच्या टेकूवर सरकार उभं होतं.

"छाया काय म्हणते, ताई?" खुर्ची ओढत त्यांनी विचारलं.

"तुम्हाला माहीत आहे, बबनराव."

"अकरावं काढा. घरं बांधायला आपली ना नाही." ते प्रसन्न हसले. घरं कोण बांधणार होतं, हे वेगळं सांगायची गरज नव्हती.

छाया हे यंत्र डॉ. फरीदा तांबोळी या गणितज्ञ बाईंनी घडवलं होतं. त्यांनी प्रत्येक आमदाराची भाषणं, त्यानं दिलेली मतं, विचारलेले प्रश्न, मतदारसंघातले दौरे, सगळं यंत्राला वाचायला दिलं. त्यातून यंत्रानं त्या आमदाराची एक प्रतिकृती तयार केली. तिला प्रश्न विचारला की ती त्याच्यासारखंच, त्याच्याच लकबीत उत्तर देई. अशा सगळ्या छायांचं मिळून एक सभागृह भरवायचं आणि त्यात विधेयक हजारो वेळा मांडायचं, दर खेपेस परिस्थिती जराशी बदलून. कधी दोघे आजारी, कधी वर्तमानपत्रांत टीका, कधी एखादी पोटनिवडणूक तोंडावर. हवामानाचा अंदाज असाच काढतात. छायाचा अंदाज मात्र हवामानासारखा चुकत नसे.

सरकारनं ती घेतली होती, कारण सरकार अल्पमतातलं होतं. संसदीय राज्यपद्धतीत सरकार टिकतं ते सभागृहाच्या विश्वासावर, आणि ज्याच्याकडे स्वतःचं बहुमत नाही त्याला तो विश्वास रोज सकाळी उठून दारोदार गोळा करावा लागतो. लांब पल्ल्याचं काम हाती घ्यायचं नाही, कडू निर्णय पुढच्या अधिवेशनावर ढकलायचा, आणि सहा आमदारांचा नेता दारात दिसला की उठून उभं राहायचं. छाया आल्यावर ही धाकधूक संपेल असं सगळ्यांना वाटलं होतं. ती संपलीही. पण विरोधकांनीही छाया घेतली, कुट्यांनीही घेतली, आणि आपल्या मताला नेमका किती भाव आहे हे ज्याला त्याला कळू लागलं. जे पडणार ते मांडायचं नाही, जे मांडायचं ते आधीच सोलून ठेवायचं. दोन वर्षांत सरकार एकदाही हरलं नव्हतं. आमदार सभागृहात यायचे ते हजेरीपुरते, कारण ज्याचा निकाल लागलेला आहे त्यावर घसा कोरडा कोण करणार? उपाहारगृह तेवढं भरलेलं असायचं.

कुटे गेल्यावर शलाकानं पडद्यावर पुरुमामांची छाया उघडली. पुरुषोत्तम ठवरे हे तिचे सख्खे मामा आणि विरोधी पक्षाचे मुख्य प्रतोद. शाळेत असताना तिला प्रेक्षक गॅलरीत बसवून सभागृह दाखवलं ते त्यांनी. पुढे ती दुसऱ्या पक्षात गेली तेव्हा महिनाभर दोघांचा जेवणाच्या ताटावर वाद चालला होता आणि मामी कानात बोळे घालून वाढत होत्या. अलीकडे ती तिकडे फारशी फिरकत नसे. मामा काय म्हणणार हे पडद्यावर दिसत असताना जायचं कशाला, असं तिनं स्वतःला पटवलं होतं.

"हे पाय शलाके," छाया मामांच्या आवाजात म्हणाली, "कलम चांगलं हाये. पण आमचा पक्षादेश विरोधात निघणार. मी त्याच्या भायेर जाणार नाई."

"आणि पक्षादेश निघालाच नाही तर?"

ती हे वैतागून म्हणाली होती. पडद्यावर दोन शब्द आले. अंदाज नाही.

शलाका खुर्चीत सरळ झाली. तिनं आपल्याच पक्षाच्या एका आमदाराची छाया उघडली, मग विरोधकांतल्या आणखी एकाची, मग तिसऱ्याची. सगळ्यांना तोच प्रश्न विचारला. सगळीकडे तेच दोन शब्द आले. कधी नव्हे ती छाया अडली होती, आणि शलाकाला इतका आनंद झाला की तिला त्याचं कारणही लगेच कळेना.

तिनं लगेच डॉ. तांबोळींना फोन लावून हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "बैल कायम घाण्यालाच जुंपलेला पाहिला, तर मोकळा सोडल्यावर तो कुठे जाईल हे मी कसं सांगू? छायाला दिलेल्या नोंदींत एकही मत पक्षादेशाशिवाय पडलेलं नाही. मी गृहीत धरलं की तसं होतच नाही."

"होऊ शकतं का पण?"

"ते मला काय विचारता, बाई? प्रतोद तुम्ही आहात."

खरं होतं. पक्षादेश, म्हणजे सगळे ज्याला व्हिप म्हणतात तो, निघाला की त्याविरुद्ध मत देणाऱ्याची आमदारकी जाते, असा कायदा. पण पक्षादेश काढलाच पाहिजे असं कायद्यात कुठेही म्हटलेलं नाही. काढायची सवय लागली होती, एवढंच. पाणी द्यायला, रस्त्याला नाव द्यायला, अभिनंदनाच्या ठरावाला, सगळ्याला पक्षादेश. दोन पिढ्यांत कुणाच्या मनात आलं नव्हतं की हा कागद न काढताही दिवस उजाडतो. आणि सत्तापक्षाचा पक्षादेश काढायचा तो शलाकानं, विरोधकांचा पुरुमामांनी.

ती उठली आणि आमदार निवासाकडे चालू लागली.

मामींनी दार उघडलं आणि काही न विचारता सांबारवडीचं ताट पुढे केलं. कोथिंबिरीला सांबार म्हणणाऱ्या मुलखातली ती वडी हिवाळ्यात या घरी रोजच असे. मामा खुर्चीत गुडघ्यांवर शाल घेऊन बसले होते.

"काहून आली?" ते म्हणाले. "माही छाया हाये नं तुह्याजवळ. तिले इचारायचं."

"विचारलं. तिला उत्तर आलं नाही."

मामांचा चेहरा एकदम खुलला. पण लगेच त्यांनी तो आवरला. "मले बी तुही छाया देल्ली हाये पक्षानं," ते म्हणाले. "कधीमधी बोलतो तिच्याशी. लय गोड बोलते. तू तशी नाई."

शलाकानं हातातली वडी ताटात ठेवली. आपण इथं येत नव्हतो त्या सगळ्या संध्याकाळी हा माणूस पडद्याशी बोलत होता, हे ऐकून तिला स्वतःची लाज वाटली. मग तिनं सगळं सांगितलं. अकरावं कलम, कुट्यांची अट, छायाचं अडणं.

"म्हंजे मी माह्या पक्षाचा पक्षादेश काढू नाई," मामा म्हणाले, "आन् तुहं सरकार वाचवू."

"सरकार वाचवा म्हणतच नाही मी. तुम्ही विरोधात मत द्या, विरोधात भाषण करा, तासभर करा. फक्त कुणाचे हात बांधू नका. माझ्याही लोकांचे मी बांधणार नाही."

"येडी झाली काय? इधेयकात खर्च हाये. ते पडलं तं सरकारले राजीनामा द्यावा लागते. तुहेच चार लोक उलटले तं?"

"तर उलटले."

"माही प्रतोदकी जाईन," मामा पुटपुटले.

"माझीही जाईल, मामा."

"पंकज कसा हाये?"

"बरा आहे. परवा त्यानं माझं नाव घेतलं, एका दमात."

मामांनी शाल नीट केली. मग म्हणाले, "तू आधी सभागृहात उभी राय. सगळ्यांसमोर सांग का पक्षादेश नाई म्हणून. मंग मी पाहीन काय करायचं ते."

"म्हणजे तुम्ही शब्द देत नाही?"

"नाई देत. शब्द देल्ला तं मंग तुह्या यंत्रात अन् माह्यात काय फरक रायला?"

मुख्यमंत्री यशोधन रावळे वाईट माणूस नव्हते. दोन वर्षं निकाल बघूनच पाऊल टाकायची त्यांना सवय झाली होती. शलाकानं सांगितलं तेव्हा त्यांनी आधी छायाला विचारलं, मग पुन्हा विचारलं, आणि पडद्यावर तेच दोन शब्द बघून चष्मा काढून ठेवला.

"पडलो तर?" ते म्हणाले.

"पडलो तर लोकांना सांगू की दुपारच्या सुट्टीसाठी पडलो. अकरावं काढून जिंकलो, तर काय सांगणार?" ती म्हणाली. "साहेब, दोन वर्षांत तुम्ही एकदाही हरला नाहीत. पण खरं सांगा, एकदा तरी जिंकल्यासारखं वाटलं का?"

रावळे खिडकीशी जाऊन उभे राहिले. कधीकाळी त्यांच्या एका भाषणानं सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता झाली होती. शलाका तेव्हा गॅलरीत होती. "मांडा," ते वळून म्हणाले. "अकराव्यासकट मांडा."

विधेयकाच्या दिवशी सभागृह नेहमीसारखंच अर्धं रिकामं होतं. शलाका उभी राहिली. तिनं बाकाची कड धरली.

"अध्यक्ष महोदय, या विधेयकावर सत्तापक्षानं पक्षादेश काढलेला नाही. आमच्या प्रत्येक सदस्यानं आपल्या मनाप्रमाणे मत द्यावं."

आधी कुणाला कळलंच नाही. मग सगळ्यांनी एकाच वेळी फोन काढले आणि छायाला विचारलं. तिकडच्या बाकांवर कुट्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांनी आपल्या पाच जणांना तिथल्या तिथे पक्षादेश बजावला, विधेयकाविरुद्ध, आणि हाताची घडी घालून बसले. विरोधी पक्षनेते हसत होते. सरकारनं आपल्या हातानं दोर कापला होता आणि त्यांना फक्त ढकलायचं होतं. त्यांनी पुरुमामांकडे बघून मान हलवली.

मामा उठले. गुडघ्यांमुळे त्यांना उठायला नेहमीच वेळ लागे, पण त्या दिवशी शलाकाला तो फारच लांबला असं वाटलं.

"अध्यक्ष महोदय," मामा सभागृहातल्या आपल्या स्वच्छ भाषेत म्हणाले, "विरोधी पक्षाचाही पक्षादेश निघालेला नाही. आणि निघणार नाही." विरोधी पक्षनेत्यांनी त्यांची बाही ओढली. मामांनी बाही सोडवून घेतली आणि खाली बसले.

मग जे झालं तसं आधी कधी कुणी पाहिलं नव्हतं. उपाहारगृहातून आमदार हातातला वडा तसाच टाकून धावत आले. गॅलरी भरली. ज्यांनी दोन वर्षांत तोंड उघडलं नव्हतं त्यांनी बोलण्यासाठी नावं दिली. सत्तापक्षाच्या एका आमदारानं उठून सांगितलं की हे कलम आपल्याला मान्य नाही, कामं रखडतील, आणि कुणीही त्याला खाली बसवलं नाही. मग विरोधी बाकांवरचे घनश्याम लिल्हारे उठले. ते स्वतः वीटभट्टीवाले. आता हे झोडपणार, असं शलाकाला वाटलं.

"सदस्या वासाडे यांना एकच विचारायचं आहे," लिल्हारे म्हणाले. "माझ्या भट्टीवर मजुरी दिवसावर नाही, विटांच्या हजारीवर मिळते. दुपारी तो बसला तर त्याच्या विटाच होणार नाहीत. मग तुम्ही न कापायची म्हणता ती मजुरी काढणार कशी? तुमच्या कलमानं तो माणूस सावलीत बसून उपाशी राहील."

शलाका उठली आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याकडे उत्तर नाही. महिनोन् महिने ती कलम राहतं की जातं याच काळजीत होती. त्यात भोक आहे हे छायानं कधी सांगितलं नव्हतं, कारण छायाला कुणी ते विचारलं नव्हतं.

"माझ्याकडे उत्तर नाही," ती म्हणाली. "सन्माननीय सदस्यांकडे असेल तर मी त्यांच्याकडून शिकायला तयार आहे."

सभागृहात असं वाक्य ऐकायची कुणाला सवय नव्हती. लिल्हारे गोंधळले, मग त्यांच्या शेजारच्यानं सुचवलं की त्याच्या सकाळच्या विटांवरून सरासरी काढावी. सत्तापक्षातून कुणीतरी म्हणालं, सकाळीच जास्त होतात, मालक कुरकुरतील. लिल्हारे म्हणाले, कुरकुरू द्या, मीच मालक आहे. लोक हसले. मुख्यमंत्री बाकांमधल्या मोकळ्या जागेत उतरून विरोधकांशी बोलत होते, हातवारे करत, वीस वर्षांनी तरुण झालेले. दुरुस्ती लिहिली गेली तेव्हा तिच्यावर दोन्हीकडच्या सह्या होत्या.

मतविभागणी उभं राहून झाली. "होय" म्हणणाऱ्यांनी उभं राहायचं. शलाका उभी राहिली आणि मागे वळून बघायचा तिला धीर होईना. बाकं सरकल्याचा आवाज आला, आधी तिच्या मागून, मग समोरून. समोर लिल्हारे उभे होते. त्यांच्या मागची रांग उभी होती. त्यामागची अर्धी. कुट्यांचे पाच जण आपल्याच नेत्याच्या पक्षादेशानं बाकांना खिळलेले होते, आणि त्यातल्या एकाची चुळबुळ लांबूनही दिसत होती. तिच्याही पक्षातले काही जण बसून होते. पण ते आता महत्त्वाचं नव्हतं. मोजायच्या आधीच दिसत होतं.

पुरुमामा बसलेले होते.

"नाही" म्हणणाऱ्यांना उभं राहायला सांगितलं, तेव्हा ते सावकाश उठले आणि ताठ उभे राहिले. विधेयक मंजूर झाल्याचं अध्यक्षांनी जाहीर केलं आणि दोन्हीकडची बाकं दणादण वाजू लागली. शलाकाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही तिला सुचलं नाही.

बाहेरच्या व्हरांड्यात तिनं मामांना गाठलं. "तुम्ही विरोधात मत दिलंत."

"कलम चांगलं हाये. पण घरं बांधण्यात पैसा बुडते, असं मले वाटते. कुटेसारखे लोक खातेत. म्हणून नाई म्हटलं." मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "पण मजा आली नं पोरी. किती दिवसांनी मजा आली."

मामांची प्रतोदकी त्याच संध्याकाळी गेली. शलाकाची जायला वेळ लागला नाही, कारण अर्थसंकल्पाला कुट्यांनी टेकू काढला आणि रावळ्यांचं सरकार कोसळलं. अल्पमतातली सरकारं अशीच जातात, त्यात नवल नाही. नवं सरकार मामांच्या पक्षाचं आलं. अकरावं कलम रद्द करावं असं एकदोघांनी सुचवलं, पण सत्तेवरच्या निम्म्या आमदारांनी त्याला स्वतः उभं राहून होय म्हटलं होतं. विषय तिथंच मिटला. डॉ. तांबोळींनी छाया बंद केली नाही. तिच्या अंदाजाखाली आता फक्त "पक्षादेश असल्यास" असे शब्द येतात, आणि ते वाचून प्रतोद मंडळी विचारात पडतात.

दीड वर्षानं, मे महिन्यात शलाका गावी आली, तेव्हा तिच्याकडे ना गाडी होती ना पद. गावाबाहेर रस्त्याचं काम चाललं होतं. रोलर धडधडत होता, बाया घमेली वाहत होत्या, आणि क्षितिज उन्हानं हलत होतं. गारवाघराच्या दारात पाऊल टाकताच अंगावर थंड हवा आली. आत मामा उपरणं पांघरून बसले होते.

"लय गार केलं हे," ते कुरकुरले. "मी म्हटलंच होतं, पैसा बुडाला."

"मग बाहेर बसा."

"भायेर मरू काय?"

पंकज दारापाशी उभा होता. गारवाघराची राखण त्याच्याकडे होती आणि पारा रेषेवर गेला की घंटा वाजवायचं कामही. त्यानं भिंतीवरच्या पाऱ्याकडे पाहिलं, मग बहिणीकडे पाहून हसला आणि घंटेला हात घातला. त्याच्या थरथरत्या हातानं एक ठोका द्यायचा म्हटलं तरी खूप पडत, आणि ते सगळे रस्त्याच्या टोकापर्यंत ऐकू जात. रोलर थांबला. बायांनी घमेली उपडी घातली. माणसं डोक्यावरची फडकी सोडत सावकाश इकडे येऊ लागली, आणि मजुरी कापली जाईल म्हणून एकही मागे राहिला नाही.

"काय झालं रे?" शलाकानं मुद्दाम विचारलं.

"सुट्टी," पंकज म्हणाला. शब्द लगेच आला.